मायनस अठ्ठ्याऐंशी

लायसन्स सर्व्हर कोसळून परत उठला की पडद्यावर जे आकडे येतात, त्यातल्या बहुतेकांशी माझी जुनी ओळख आहे. मायनस पंधरा आला तर सर्व्हरपर्यंत वाट नाही. मायनस नऊ आला तर लायसन्स ज्या नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावर बांधलंय ते कार्ड बदललं. मदरबोर्ड जळून नवा टाकला की हा येणारच. मायनस सत्त्याण्णवमध्ये लायसन्सचा मुख्य प्रोग्राम एलएमजीआरडी उभा राहतो, पण ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर तिचा डीमन, म्हणजे पडद्यामागं चालणारा प्रोग्राम, उठत नाही. पुष्कळदा आधीचा डीमन पुरता मेलेलाच नसतो आणि पोर्ट धरून बसतो. कारखान्याच्या गाडीतळावरचा टोकनवाला चक्कर येऊन खुर्चीतच पडावा आणि टोकनांचं पुस्तक त्याच्या अंगाखाली अडकावं, तसं. त्याला उचलल्याशिवाय नवा माणूस बसवून काही होत नाही. उचला, थोडं थांबा, गाड्या हलतात.

मायनस अठ्ठ्याऐंशीपुढं मात्र माझी अक्कल अजून गहाण पडते.

त्याचं म्हणणं एवढंच की या मशिनचं घड्याळ मागं नेलेलं आहे. मुदतीचं लायसन्स संपत आलं की तारीख मागं सरकवून फुकट वापरणारे महाभाग जगात पहिल्यापासून आहेत, त्यांच्यासाठी ही अडवणूक. लायसन्स सांभाळणारं हे फ्लेक्सएलएम १९८८ पासून चालत आलंय, तेव्हा त्याला माणसांचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त. पण आळ येतो तो लायसन्सचे पैसे रोख मोजलेल्या मालकावर, आणि मालक वळून माझ्याकडं बघतो.

खरं कारण बहुतेक वेळा रुपयाएवढ्या सेलमध्ये असतं. आमच्याकडं वीज जाते, यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच फुगलेल्या असतात, सर्व्हर धाडकन बंद पडतो. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेलही संपलेला असला, तर मशीन उठतं ते पार जुन्या एखाद्या सालात. इंटरनेटवरून तारीख आपोआप जुळेल म्हणून लोक निर्धास्त असतात. पण डोमेनमध्ये नसलेलं विंडोज पंधरा तासांपेक्षा जास्त फरक दिसला की मुळातल्या सेटिंगनुसार घड्याळाला हात लावत नाही. मग कुणीतरी हातानं तारीख घालतं. हात म्हटला की चूक आली. बायोसमध्ये बऱ्याचदा आधी महिना आणि मग दिवस असतो. ६ मार्चला आपला माणूस सरळ ०६/०३ टाकतो, आणि मशीन ३ जूनला जाऊन बसतं. तासाभरानं कुणाच्या तरी लक्षात येतं, तारीख नीट होते, सगळे चहाला जातात. पण त्या तासात विंडोजनं ज्या ज्या फायलींवर लिहिलं, त्यांच्यावर ३ जूनचा शिक्का बसला तो बसला. लायसन्सवाला येऊन बघतो, आज ६ मार्च आणि फाईल जूनमधली, म्हणजे घड्याळ मागं घेतलं. त्याच्या बाजूनं बघितलं तर त्याचं बरोबरच आहे.

आता त्या फायली शोधायच्या कुठं? लॉग, टेम्प, विंडोजच्या पोटातल्या लपवलेल्या फायली, कुण्या जुन्या ऑपरेटरच्या नावचं प्रोफाईल. एक राहिली तरी आकडा जागचा हलत नाही. काही कंपन्यांचे डीमन वर आणखी आपली वेगळी तपासणी लावतात, ती कुठं बघते ते कुठल्याच कागदावर नसतं. ३ जून उजाडला की दुखणं आपोआप बरं होतं, ही यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. तुम्ही हरून घरी बसलेले असता आणि मालक फोनवर सांगतो, अहो, चालू झालं की, काहीच केलं नाही.

मी राहतो अंतरवाली सराटीत. काम अंबड, जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीत. पूर्वी गावाचं नाव सांगितलं की लोक विचारायचे, हे कुठं आलं? मग वडीगोद्रीजवळ, अंकुशनगरच्या अलीकडं, असं सांगत बसायचं. १ सप्टेंबर २०२३ ला गावात मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, आणि त्यानंतर महाराष्ट्रात मला कुणी पत्ता विचारलेला नाही. गिऱ्हाईक आधी आरक्षणाचं काय होणार विचारतं, मग सर्व्हरचं.

त्याच आंदोलनापायी २६ फेब्रुवारी २०२४ ला अंबड तालुक्यात संचारबंदी लागली. जालना, बीड आणि संभाजीनगर या तिन्ही जिल्ह्यांत इंटरनेट बंद. नेमका त्या दिवशी वाळूजच्या एका टूलरूममध्ये लायसन्स सर्व्हर पडला. साधे फोन चालू होते तेवढं नशीब. रात्रपाळीच्या पोरानं तारीख घालताना २०२४ ऐवजी २०४२ घातली होती, आणि ती दुरुस्त केल्याचं तो मला मोठ्या अभिमानानं सांगत होता. २०४२ पर्यंत थांबा असं काही मालकाला सांगता येत नाही. मग मी इकडं ओट्यावर बसून सांगायचं आणि त्यानं तिकडं करायचं. लपलेल्या फायली दिसू दे, तारखेनं उलट्या लाव, वरून वाचत ये. तो वाचायचा, मी डोळे मिटून ऐकायचो. फाईल उडवायची नाही, फक्त तिची तारीख आजची करायची, हे त्याला पुनःपुन्हा बजावलं. संध्याकाळ होता होता डीमन उठला. ना मशीन डोळ्यांसमोर, ना नेट. माझ्या धंद्यातला तो सगळ्यात देखणा दिवस, असं मी अजून सांगतो. ऐकणारा पाहुणा असला तर जरा वाढवून सांगतो.

माझ्या जागी फॉरमॅटवाला असता तर? ही जात आता फार झाली आहे. कुठलाही आकडा दिसू दे, यांचा उपाय ठरलेला. विंडोज नवं टाकतो साहेब, दोन तासांत देतो. भविष्यातल्या फायली त्यानं जातात हे खरं. पण काही लायसन्सं डिस्कच्या अशा कोपऱ्यात ठेवलेली असतात की फॉरमॅटबरोबर तीही जातात, आणि मग ती परत मिळवायला कंपनीकडं अर्ज, बिलं, ईमेल, आठ-पंधरा दिवस. त्यांच्याहून वाईट क्रॅकवाले. मालकानं रोख मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरवर पॅच मारून ते त्याला खरोखरच चोर करून ठेवतात. या लोकांना माझ्यापेक्षा जास्त गिऱ्हाईक आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही असं मी लोकांना सांगतो.

तसाही हा धंदा आता किती दिवसांचा, कुणास ठाऊक. ऑटोडेस्कनं २०२० मध्येच नेटवर्क लायसन्स बंद करून माणसागणिक नावाचं लायसन्स आणायला सुरुवात केली. आता लॉगिन केलं की काम चालू. तीस दिवसांत एकदा नेटवर या म्हणजे झालं. घरचा सर्व्हर नाही, डीमन नाही, मी नाही. संचारबंदीच्या त्या दिवशी आधीच लॉगिन असलेली पोरं मजेत ड्रॉइंग काढत होती, हेही खरं. पण एक जण चुकून लॉगआउट झाला, तो नेट येईपर्यंत खुर्चीत गोल फिरत बसला होता. ते ऐकून मला बरं वाटलं होतं.

गेल्या दिवाळीपासून वडीगोद्रीची एक मुलगी माझ्याकडं शिकायला येते. बीसीएस झालेली, बोलायला कमी. तिला मी एलएमजीआरडी, पोर्ट, ऑप्शन फाईल सगळं दिलं, पण मायनस अठ्ठ्याऐंशी राखून ठेवला होता. हे काही पुस्तकात नसतं, बरोबर बसून नजर तयार करावी लागते, असं मी तिला सांगायचो. माझीच नजर आता चष्म्याशिवाय तारखा वाचत नाही, तरीही.

परवा जालन्याच्या एका कारखान्यात तोच आकडा आला. मी चष्मा काढून पुसायला लागलो, म्हटलं, आता बस, रात्र जाईल. तिनं पेनड्राइव्ह लावला.

"काका, एक चालवून बघू का?"

"हे काय?"

"आजच्या पुढच्या तारखेच्या फायली काढतं. घरी लिहून ठेवलं होतं."

मिनिटभरात उत्तर आलं: एकही नाही. मला जो आनंद झाला तो मला लपवता आला नसावा. तिला म्हटलं, अगं, यंत्राला नजर नसते. आणि एकेक फोल्डर उघडून तारखा लावू लागलो, जरा सावकाश, तिला दिसावं म्हणून. मागं मालक उभा होता. खुर्चीमागं माणसं उभी असली की माझा हात चांगला चालतो, हे मला फार वर्षांपासून माहीत आहे. एखादं काम आवरत आलेलं असतानाही मी कधी कधी मुद्दाम "हं" म्हणून थांबतो.

ती बाजूच्या मशीनवर काहीतरी वाचत होती. मग म्हणाली, "काका, ज्या फोल्डरला परवानगी नाही ते हे सोडून देतंय. सिस्टीमच्या खात्यानं चालवते." मी हो म्हणायच्या आत चालवलंसुद्धा. दोन फायली निघाल्या, दोन्ही केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या कुण्या डिझायनरच्या प्रोफाईलमध्ये. तिनं तारखा बदलल्या, सेवा चालू केली. आकडा गेला.

मालकानं विचारलं, "कुठं होतं हो?"

"जुन्या प्रोफाईलमध्ये," मी म्हणालो. "मला वाटलंच होतं."

तिनं पेनड्राइव्ह काढून पर्समध्ये टाकला आणि बिल कुणाच्या नावानं करायचं, ते मालकाला विचारलं.