आधी तेल, मग बटण

सुरत-धुळे महामार्गावर, नवापूर तालुक्यात आमचे विसरवाडी. घराला लागूनच पत्र्याची शेड आहे आणि शेडमध्ये एक जुना लेथ आहे. पाण्याच्या मोटारीचा झिजलेला शाफ्ट, कडबाकुट्टीचा बुश, रसवंतीच्या चरकाचे काही, अशी कामे आमचे हे त्यावर करतात. लेथला रोज सकाळी तेल घालायचे काम मात्र माझ्याकडे. देवापुढे दिवा लावून झाला की तेलाची बुधली घेऊन मी शेडमध्ये जाते. तुम्ही म्हणाल, बाईमाणसाला यंत्रातले काय कळते? पण वंगण संपलेले गाडीचे चाक कसे रडते, हे शेतकऱ्याच्या लेकीला कोणी शिकवावे लागत नाही.

लेथ आम्ही जुनाच घेतला. त्याचा स्पिंडल, म्हणजे मुख्य फिरता दांडा, तेव्हा थरथरत होता. या दांड्याच्या तोंडाशी चक असतो आणि चकात काम धरतात. आजच्या यंत्रांत या दांड्याला बहुधा गोळ्यांचे किंवा रोलरचे बेरिंग असते. आमच्या लेथात गनमेटलचे, दोन फाकांचे बुश आहेत. पहिल्या मालकाकडे तेलाच्या वाट्या कोरड्या पडून आत किटण साचले होते. ह्यांनी बुश उघडले, फाकांमधले पातळ पत्रे काढून ढिलाई कमी केली, निळा रंग लावून उंचवटे शोधले आणि ते हळूहळू खरवडले. त्यात आठ दिवस गेले. त्याच दिवसांत एक शेतकरी भाऊ पंपाचा शाफ्ट घेऊन आले. गहू ओंबीवर होता, वीज पाळीची, आणि आमचा लेथ उघडा पडलेला. त्यांना तसेच परत जावे लागले. त्यांचा उतरलेला चेहरा मी विसरले नाही. तेलाची बुधली मी हातात घेतली ती तेव्हापासून.

स्पिंडल डुलला की ते डुलणे कामात उतरते. शाफ्ट गोल न होता किंचित लंबगोल होतो. असा शाफ्ट पंपात बसवला की बेरिंग लवकर जाते आणि पाणी गळते. चूक दिसायला केसाहून बारीक असते, पण तिचा भुर्दंड शेताला पडतो.

आमचा थोरला आयटीआयमध्ये टर्नरचे काम शिकला. तेल नेमके काय करते, हे त्याने मला समजावले. बुशाचे भोक दांड्यापेक्षा थोडे मोठे असते. दांडा फिरू लागला की तेलाला आपल्याबरोबर अरुंद फटीत ओढतो. गर्दी बोळात शिरली की रेटा वाढतो, तसा तेलाचा दाब वाढतो आणि दांडा उचलला जातो. मग लोखंड गनमेटलला लागतच नाही. १८८३ साली इंग्लंडात बीचम टॉवर यांनी रेल्वेच्या बेरिंगवर प्रयोग केले. बेरिंगला वरून भोक पाडले, तर त्यातून तेल उसळून वर आले. त्यांनी बूच मारले, मग लाकडी खुंटी ठोकली. तेलाने दोन्ही बाहेर ढकलली! त्यामागचे गणित १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी मांडले.

पण हा दाब दांडा फिरू लागल्यावरच तयार होतो. सुरू होतानाच्या पहिल्या क्षणी धातू धातूला घासतो आणि झीज तेव्हाच जास्त होते. म्हणून आमच्याकडे नियम एकच: आधी तेल, मग बटण.

आमच्या लेथला वाट्यांत लोकरीच्या वाती आहेत. दिव्याची वात तेल वर चढवते, तशीच ही वातही तेल चढवून नळीतून बुशात थेंब-थेंब सोडते. संध्याकाळी वाती वर काढून ठेवायच्या, नाहीतर रात्रभर तेल वाया जाते. वात काळी, कडक झाली की बदलायची.

"वहिनी, इंजिनातले काळे तेल फुकट देतो, ते घाला की," असे पुष्कळजण म्हणतात. मी हात जोडते. त्या तेलात काजळी आणि धातूचा कीस असतो. फुकटचे तेल शेवटी बुशाच्या किमतीला पडते. जवसाचे तेल हवेने सुकून चिकट होते. ग्रीस तेलाच्या वाटीत घातले तर वातीतून चढतच नाही. डब्यावर ३२, ४६, ६८ असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितके तेल दाट. जास्त दाट तेल बारीक फटीत फिरताना तापते, फार पातळ तेल भार पेलत नाही. यंत्राच्या पाटीवर किंवा पुस्तकात सांगितलेले असेल तेच घ्यावे.

अर्ध्या तासाने मी बेरिंगच्या टोपीवर हात टेकवते. कोमट लागली तर ठीक. हात ठेववत नसेल तर ह्यांना हाक मारते आणि काम थांबते, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

लेथ सगळ्यांच्या घरी नसतो, पण कडबाकुट्टी, पिठाची चक्की, इंजिन यांतले एखादे असतेच. त्याच्या तेलाचे झाकण कुठे आहे, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू द्या. रोजचे काम ठरवून एकाकडे सोपवा. आमच्याकडे आता धाकटी मागे लागली आहे, झारी मला दे म्हणते. वात कशी घालायची ते मी तिला दाखवले आहे.