चालतें घर आणि मधला माणूस

घर एका जागीं उभें असतें, म्हणून त्याचा दोष घरमालकाच्या डोळ्यांसमोर राहतो. गाडी फिरती असते, म्हणून तिचा दोष तिच्याबरोबर गांवोगांव हिंडतो. हीं दोन्हीं एकत्र करून माणसानें जें चालतें घर निर्माण केलें, त्यांतला दोष कोणाच्या पदरांत घालावयाचा हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यानें असें घर विकत घेऊन भर पावसाळ्यांत कोंकणांत नेलें आहे, त्याला तो क्षुल्लक वाटणार नाहीं.

आपल्याकडे मोटारहोम ही वस्तु अजून अपूर्वाईची आहे. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं कॅरव्हान-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हांपासून तिचें नांव मध्यमवर्गाच्या बैठकींतहि ऐकूं येऊं लागलें. बहुधा ती एकाच कारखान्यांत जन्मत नाहीं. इंजिन आणि सांगाडा एका कंपनीचा. त्यावर बिछाने, ओटा, न्हाणी, पाण्याची टाकी, दुसरी बॅटरी आणि छपरावरचीं सौर पॅनेलें बसवून घर उभें करणारा कारागीर निराळा. आणि या दोघांची मोट बांधून ती आपल्याला विकणारा तिसरा. त्यामुळें तिचें सर्व्हिसिंगहि दोन प्रकारचें. इंजिनाचें तेल, फिल्टर, ब्रेक यांचें वेळापत्रक पुस्तकांत छापलेलें असतें. ठराविक किलोमीटर झाले कीं गाडी कंपनीच्या वर्कशॉपांत न्यावी, काम संपलें. घराच्या भागाचें तसें नाहीं. छपराच्या सांध्यांत भरलेलें लुकण रस्त्याच्या हादऱ्यांनीं सुटतें, नळाचे जोड ढिले होतात, टाकींत पाणी साचून राहिलें तर त्याला वास येतो. हें सारें कोणीं, कधीं आणि कोणाच्या खर्चानें पाहावयाचें, हें पुस्तकांत क्वचितच सांपडतें. तें विक्रेत्याच्या तोंडीं असतें.

आमच्या विक्रेत्याचें तोंड मोठें गोड होतें. "तुम्ही फक्त एक फोन करा," हें त्याचें ब्रीद. पहिल्या सर्व्हिसिंगसाठीं गाडी त्याच्या हवालीं केली, ती चार दिवसांच्या बोलीवर सोळाव्या दिवशीं परत मिळाली. छपराचे सांधे तपासल्याची खूण कागदावर होती. सांध्यांवरची धूळ मात्र कोणीं हात लावल्याची साक्ष देत नव्हती. आम्हीं तें त्यास दाखविलें, तेव्हां तो हंसून म्हणाला, "अहो, नवी गाडी आहे. पुढच्या वेळीं बघूं."

पुढची वेळ येण्यापूर्वीं पाऊस आला. आमच्या मातोश्रींना रायगड पाहावयाचा होता. वय ऐशींच्या घरांत, गुडघ्यांनीं केव्हांच जबाब दिलेला. गडाच्या हजारावर पायऱ्या त्यांना चढवणें शक्य नव्हतें. परंतु पायथ्याच्या हिरकणीवाडीहून १९९६ सालीं रोप-वे सुरू झाला आहे, आणि पायऱ्यांची ती तपश्चर्या आतां कांहीं मिनिटांवर आली आहे. वाटेंत त्यांना वरचेवर आडवें व्हावें लागतें, म्हणून तर हें चालतें घर घेतलें होतें. जूनच्या अखेरीस महाडवरून आम्ही हिरकणीवाडीस पोहोंचलों, आणि एका खाणावळीच्या अंगणांत, मालकिणीच्या परवानगीनें, मुक्काम केला.

मध्यरात्रीं पाऊस कोसळूं लागला. घाटमाथ्याखालीं ज्यांनीं पावसाळा काढला आहे त्यांस त्याचें वर्णन नको, आणि इतरांस तें खरें वाटणार नाहीं. छपराच्या त्याच सांध्यांतून पाण्याची धार लागली, ती नेमकी मातोश्रींच्या अंथरुणावर. तेथून पाणी बॅटरीच्या पेटींत उतरलें आणि दिवा, पंखा, पंप सर्व एकदम थंड झाले. आम्हीं तो एक फोन केला. "उद्यां माणूस पाठवतों," असें उत्तर आलें. खाणावळीच्या बाईनें मातोश्रींना हाताला धरून आपल्या घरांत नेलें, कोरडें लुगडें दिलें, चुलीजवळ बसविलें. सकाळीं चहा देतांना ती म्हणाली, "आजी, आमचं घर आम्ही दर मे महिन्यांत शाकारतों. तुमच्या गाडीचं छप्पर कोण शाकारतं?"

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, विक्रेत्याजवळहि नव्हतें. दोन दिवस वाट पाहिली. माणूस आला नाहीं, धुकें उठलें नाहीं, मातोश्रींना खोकला मात्र लागला. आणि गड न पाहतांच आम्ही परतलों.

त्यानंतरचा महिना टोलवाटोलवींत गेला. विक्रेता म्हणे, वायरिंग बिघडलें तर कंपनीस विचारा. कंपनीचे लोक म्हणत, आमच्या सांगाड्यावर दुसऱ्यानें तारा ओढल्या आहेत, त्यांशीं आमचा संबंध नाहीं. दोघांचेंहि बोलणें कागदावर बिनतोड होतें. ज्या सांध्यांतून पाणी आलें, त्याच सांध्यांतून जबाबदारीहि गळून जात होती.

अशा वेळीं ग्राहकानें हताश होण्याचें कारण नाहीं. बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं पुण्यांत ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढें १९८६ सालीं ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याच्या जागीं आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलांत आहे. त्यानुसार ग्राहकास आपण राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगापुढेंच गाऱ्हाणें मांडतां येतें. त्यासाठीं विक्रेत्याच्या गांवीं खेटे घालावे लागत नाहींत. तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आणि विक्रेत्यानें स्वतः वेगळी हमी दिली असेल व ती पाळली नसेल, तर "मी केवळ विकणारा" ही सबब त्यास पुरत नाहीं. आम्हीं तारीखवार हकीकत, छायाचित्रें आणि ती खोटी खूण असलेला कागद जोडून नोटीस पाठविली. जें पंचवीस फोनांनीं झालें नव्हतें तें एका रजिस्टर्ड पत्रानें झालें. गाडी थेट घर बांधणाऱ्या कारागिराकडे गेली.

खरी नवलाची गोष्ट तेथें घडली. तो कारागीर शिडीवर चढला, सांधा बोटांनीं चांचपला, आणि आमच्यावर न रागावतां म्हणाला, "बरं झालं दाखवलंत. बाकीच्या गाड्यांतहि हेंच होत असणार. आम्हांला कोणीं सांगितलंच नाहीं." त्यानें जुनें लुकण खरवडून सांधा नव्यानें भरला, वर पत्र्याची पट्टी मारली, आणि बॅटरीची पेटी तेथून हलविली. तीन दिवसांचें काम. आमची तक्रार दोन महिने त्याच्यापर्यंत पोहोंचलीच नव्हती. ती मधल्या माणसानें हंसून गिळली होती. बेभरंवशाच्या विक्रेत्याचा खरा अपराध तो उशीर करतो हा नव्हे; ज्याला दोष दुरुस्त करतां येईल त्याच्या कानापर्यंत तो दोष जाऊं देत नाहीं, हा होय.

हिरकणीची आख्यायिका कोणास ठाऊक नाहीं? गडाचे दरवाजे सूर्यास्ताबरोबर बंद झाले. घरीं तान्हें मूल. आणि ती गवळण अंधारांत कडा उतरून गेली. आपण तिच्या मातृप्रेमाचें कौतुक करतों, तें योग्यच आहे. परंतु त्या कथेंतील राजाचें वर्तनहि पाहण्यासारखें आहे. अभेद्य म्हणून बांधलेल्या गडाचा एक कच्चा दुवा एका गरीब बाईनें उघडा केला. त्यानें तिला खोटें पाडलें नाहीं, किल्लेदाराकडे बोट दाखविलें नाहीं, "पुढच्या वेळीं बघूं" असेंहि म्हटलें नाहीं. तिचा सन्मान केला, त्या जागीं बुरूज बांधला, आणि बुरुजास तिचेंच नांव दिलें. दोष दाखविणारा हा शत्रु नव्हे, तो गडाचा बिनपगारी पाहरेकरी आहे, हें त्या कथेचें मर्म आम्हांस वाटतें.

त्याच गडावर, जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर, गड उभारणाऱ्या हिरोजी इंदुलकराचें नांव कोरलेलें आहे, आणि तेथें तो स्वतःस सेवेस तत्पर म्हणवितो. चंद्रसूर्य असेपर्यंत हें काम नांदावें, अशी आकांक्षा देवळाच्या शिलालेखांत आहे. १८१८ सालीं इंग्रजांच्या तोफांनीं गडावरचे वाडे जाळले. ती गोष्ट हमीच्या बाहेरची होती. आज आपण सर्व्हिस हा शब्द दिवसांतून दहा वेळां उच्चारतों, पण ज्याच्या पायरीवर नांव कोरलेलें नाहीं त्या कामाचा धनी शोधूं म्हटलें तर सांपडत नाहीं. म्हणून नवें चालतें घर घेणाऱ्यांस आमची एकच सूचना आहे. किल्ली हातांत घेण्यापूर्वीं छपराचा सांधा ज्यानें भरला त्याचें नांव आणि पत्ता लिहून घ्यावा, आणि पावसाळ्यापूर्वीं एकदां त्याच्याच हातून घर शाकारून घ्यावें.