लेन्स आली, फोटो गेले

"कुठला कॅमेरा घेऊ गं?" हा प्रश्न मला महिन्यातून तीन-चार वेळा तरी येतोच. कुणाचा बोनस झाला, कुणाची लडाखची तिकिटं बुक झाली, कुणाच्या घरी बारसं ठरलं, की फोन माझ्याकडे. मासकॉम केलं म्हणजे हिला कॅमेऱ्यातलं सगळं कळत असणार, अशी मित्रमंडळींची आणि समस्त नातेवाइकांची समजूत. पूर्वी मी उत्साहात धडाधड मॉडेल नंबर सांगायचे. हल्ली उलट विचारते, "काढलेले फोटो ठेवणार कुठे?"

समोरचा हसतो. "लॅपटॉपवर. अजून कुठे?"

मग मी चहा मागवते आणि चिपळूणच्या आत्याची गोष्ट सांगते.

त्याआधी माझं कॅमेरापुराण. २०१८ मध्ये, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना, सीएसएमटीला उतरून मी फोर्टातल्या बोरा बाजारात शिरले. खिशात साठवलेले पैसे, सोबत एक मित्र, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर आपल्याला फार कळतं असा भाव. निकॉनचा डी ५६०० घेतला, सेकंडहँड, १८-५५ च्या किट लेन्ससकट. हा सौदा मात्र चांगला झाला, कारण मित्राने घरून तीन गोष्टी पाठ करून आणल्या होत्या. एक, शटर काउंट बघायचा. गाडीचं जसं किलोमीटर रीडिंग, तसं कॅमेऱ्याचं शटर किती वेळा पडलंय ते. दोन, एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा, म्हणजे सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. आणि तीन, लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून आरपार बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. लेन्स खाली ठेवायची आणि दुकानाबाहेर पडायचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. फक्त पुड्या अधूनमधून बदला. मी एकच पुडी दोन वर्षं ठेवली होती, ती बहुधा स्वतःच ओली झाली असणार.

दुसरी खरेदी मात्र फसली. सगळे सांगायचे ५० एमएम एफ १.८ घे, स्वस्त आणि मस्त. घेतली. दुकानात दोन प्रकार होते, 'डी' आणि 'जी'. डी बरीच स्वस्त, म्हणून मी डी उचलली. घरी येऊन लावली तर ऑटोफोकस ढिम्म हलेना. लेन्स बिघडलेली नव्हती, माझा अभ्यास कच्चा होता. निकॉनच्या 'डी' लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती कॅमेऱ्याच्या बॉडीत असावी लागते. डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडीत ती नसते. आता बोला! वाचवलेल्या पैशांत मी हाताने फोकस करायची शिक्षा विकत घेतली होती. शिवाय माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा, त्यामुळे ५० ची लेन्स ७५ सारखी वागायची. आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये कुणाचा फोटो काढायचा तर मला जिन्यात जाऊन उभं राहावं लागायचं. त्यामुळे सेकंडहँड जुना डीएसएलआर घेणाऱ्यांनो, बॉडीचं आणि लेन्सचं जमतं का, हे आधी तपासा. किंमत नंतर.

२०१९ च्या गणपतीत चिपळूणला गेले. आत्याचं घर बाजारपेठेच्या जवळ, जुनं. तिच्या लोखंडी कपाटात सात अल्बम होते, काळ्या पानांचे, मध्ये बटरपेपरवाले. आत्याचं लग्न, बाबांची मुंज, पोस्टमनच्या गणवेशातले आजोबा. आणि त्यात एक फोटो असा, की आजोबा अंगणात बसून चक्क खळखळून हसतायत. आमच्या घराण्यात ते हसले होते याचा तेवढा एकच पुरावा. मी सगळे अल्बम खिडकीशी चटईवर मांडले आणि दोन दुपारी बसून २१२ फोटो काढले. (तुम्हीही करा हे. खिडकीतून तिरका उजेड येऊ द्या, ऊन थेट नको, फ्लॅश तर नकोच, आणि कॅमेरा अल्बमच्या पानाला समांतर धरा. जुन्या फोटोंवर चमक येते ती चुकीच्या कोनामुळे.) आत्या शेजारी बसून कोण कोण ते सांगत होती. त्यातले सतरा मी त्याच संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर टाकले. सगळ्यांनी हात जोडले, बदाम पाठवले.

घरी आल्यावर लॅपटॉप भरलेला. २५६ जीबी म्हणजे काहीच नाही हो. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल पंचवीस-तीस एमबीची होते, एका ट्रेकला चारशे फोटो मारले की दहा जीबी गेले. म्हणून सगळं एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर टाकलं, लॅपटॉपवरून उडवलं, कार्ड फॉरमॅट केलं. मनात म्हटलं, झाला बॅकअप!

आयटीतला माझा चुलतभाऊ तेव्हाच म्हणाला होता, "हा बॅकअप नाही, तू फक्त जागा बदललीस. चारेक हजारांची आणखी एक डिस्क घे." मी त्याच्याकडे काकांच्या विनोदाकडे बघतात तसं बघितलं. दिवाळीला फ्रीलान्स कामाचे पहिले बऱ्यापैकी पैसे आले, त्यातून मी ३५ एमएम एफ १.८ जी घेतली. या वेळी नीट बघून, मोटरवाली. लेन्स सुंदर होती, अजून आहे. डिस्क राहिली ती राहिलीच.

मे २०२१. लॉकडाउन. डिस्क लावली तर आतून टिक-टिक असा आवाज. मी काय केलं असेल? काढली, लावली. दुसऱ्या वायरने लावली, दुसऱ्या लॅपटॉपला लावली. दिवसभरात वीस-तीस वेळा. हे अजिबात करू नका. हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरत असतात आणि त्यांच्यावर केसाहूनही कमी अंतरावर हेड तरंगत असतं. टिकटिक होतेय म्हणजे बहुतेक हेडचं काहीतरी बिनसलंय, आणि तुम्ही दर वेळी वीज देता तेव्हा ते तबकडीवर घासू शकतं. आवाज आला की बंद करायची आणि परत लावायची नाही, एवढंच आपल्या हातात असतं. डेटा रिकव्हरीवाल्यांना फोन केला तर तीस-पस्तीस हजारांचा आकडा आणि वर "गॅरंटी नाही मॅडम". तेवढे पैसे तेव्हा माझ्याकडे नव्हते. डिस्क ड्रॉवरमध्ये गेली. मनात म्हटलं, अल्बम आहेत की चिपळूणला, परत काढू.

२२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं.

माणसं सगळी सुखरूप होती. आत्याचा फोन लागायला दोन दिवस गेले. घरात चिखल किती, फ्रिज कुठे तरंगत गेला, हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "अल्बम गेले गं सगळे. पानं एकमेकांना चिकटून लगदा झालाय. पण तू काढलेस ना फोटो? म्हणून मी त्यांच्यासाठी रडले नाही."

मी म्हटलं, "हो आत्या. बघते."

पुढचे तीन आठवडे मी "बघते" एवढंच म्हणत राहिले. शेवटी आईने तिला खरं सांगितलं. माझ्याने झालं नाही.

ग्रुपवरचे सतरा फोटो तेवढे वाचले. व्हॉट्सअ‍ॅपने ते दाबून लांबीला साधारण १६०० पिक्सेलवर आणले होते. पण सहा इंचाच्या प्रिंटला तेवढे चालतात, इंचाला अडीचशेच्या वर पिक्सेल मिळतात. म्हणून मी ते लॅपटॉपवर जरा साफसूफ करून चार बाय सहाचे प्रिंट काढले. आणि प्रिंट आले ते सगळे काळपट! आजोबांच्या टोपीखाली चेहराच दिसेना. इथे माझ्या दुसऱ्या अज्ञानाचा शोध लागला. लॅपटॉपचा ब्राइटनेस मी कायम पूर्ण ठेवायचे, म्हणजे स्क्रीनवर फोटो आहे त्यापेक्षा उजळ दिसायचा. कागदाला मागून दिवा नसतो. एडिट करताना स्क्रीन खाली आणा, शेजारी पांढरा कागद धरून दोन्ही सारखे वाटेपर्यंत. शिवाय माझ्या लॅपटॉपची स्क्रीन अर्धेअधिक रंग दाखवायचीच नाही. मी सूर्यास्त फिका दिसतो म्हणून रंग वाढवत बसायचे आणि लोकांच्या फोनवर तो शेंदूर फासल्यासारखा दिसायचा. लॅपटॉप किंवा मॉनिटर घेताना आयपीएस पॅनेल आणि १०० टक्के एसआरजीबी हे दोन शब्द स्पेसिफिकेशनमध्ये शोधा. एसआरजीबीबद्दल काहीच लिहिलं नसेल तर सहसा ते सांगण्यासारखं नसतं. रॅम १६ जीबी असू द्या आणि नंतर वाढवता येते का ते विचारा, कारण बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच चिकटवलेली असते. सॉफ्टवेअरवर मात्र आधीच पैसे घालू नका. डार्कटेबल आणि रॉथेरपी दोन्ही फुकट आहेत. शिकायला जरा कटकटीची, पण आपल्याला पुरून उरतात.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे बॅकअप. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने ३-२-१ चा फंडा लोकप्रिय केला. फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे वेडेपणाचं वाटलं होतं. घराबाहेर कशाला? पण आग, चोरी आणि पूर हे एका खोलीतल्या तिन्ही प्रती एकदमच नेतात. क्लाउड चालतो, पण दोन गोष्टी बघा. गुगल फोटोजची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ ला बंद झाली, आता १५ जीबीत मेलसकट सगळं बसवावं लागतं, त्यापुढे पैसे. आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर फोटो उडवला की तो सगळीकडून उडतो. एसएसडी घेतली की निर्धास्त, असंही नाही. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे पडली तरी सहसा वाचते, पण जाते तेव्हा आवाजसुद्धा न करता जाते. कामासाठी एसएसडी आणि साठवणीला साध्या दोन हार्ड डिस्क, हे माझं गणित. दोन्ही एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेऊ नका. दोन प्रती होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. आणि वर्षातून एकदा डिस्क लावून आतले फोटो खरंच उघडतायत का ते बघायचं. तुम्ही म्हणाल, एवढा वेळ कुणाला आहे? नवीन लेन्सचे रिव्ह्यू बघायला असतो की आपल्याला वेळ!

२०२३ मध्ये पैसे जमले तेव्हा ती मेलेली डिस्क मी रिकव्हरीला दिली. आठवड्याने उत्तर आलं, तबकडीवर चरे पडलेत, काही निघणार नाही. माझी ती वीस-तीस वेळची काढ-घाल. आजोबा हसतानाचा फोटो त्या सतरांमध्ये नव्हता. ग्रुपवर टाकताना मी लग्नाचे आणि मुंजीचे निवडले होते, ज्यात जास्त माणसं दिसतात ते.

त्यानंतर मी काकांकडचे, मावशीकडचे, आत्याच्या नणंदेकडचे अल्बम फिरून फिरून कॉपी केले. आजोबांचे आणखी नऊ फोटो सापडले. सगळ्यांत गंभीर. तीन प्रती केल्या, एक माझ्याकडे, एक भावाकडे पुण्यात, आणि तिसरी डिस्क गेल्या गणपतीत आत्याला नेऊन दिली. डिस्क लावायला तिच्याकडे कॉम्प्युटर नाही. तरी तिने दोन्ही हातांनी घेतली, स्टीलच्या डब्यात ठेवली आणि विचारलं, "ओल लागू नये म्हणून यात थोडे तांदूळ टाकू का गं?"

मी पर्समधून सिलिका जेलच्या पुड्या काढून दिल्या. तिने डबा भाच्याकरवी माळ्यावर सर्वांत वरच्या फळीवर ठेवून घेतला आणि शिडीखाली उभी राहून त्याला सांगत होती, "अजून वर. एकवीसला त्याच्या खालच्या फळीपर्यंत आलं होतं पाणी."