हाताची स्मृती आणि हलता मेनू

मेनू म्हणजे पडद्यावर उलगडणारी आज्ञांची यादी, ही व्याख्या बरोबर असली तरी अपुरी आहे. कारण सरावलेला वापरकर्ता ती यादी वाचत नाही, तर हवी ती आज्ञा कोणत्या जागी आहे हे त्याच्या हाताला ठाऊक झालेले असते. फोडणी तडतडत असताना मिसळणाच्या डब्यातील हळदीची वाटी कोणी शोधत बसत नाही, तसेच हे आहे.

मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २००० मध्ये आलेल्या व्यक्तिगत मेनूंनी नेमकी हीच स्मृती मोडली. ज्या आज्ञा वारंवार वापरल्या जातात त्या दाखवायच्या आणि उरलेल्या झाकून ठेवायच्या, असे त्यांचे तत्त्व होते; काही क्षण थांबले किंवा तळाच्या दुहेरी बाणावर क्लिक केले की पूर्ण यादी उलगडत असे. आज्ञांची गर्दी कमी करण्याचा हेतू रास्तच होता, पण झाकलेल्या आज्ञा मध्येच उघडल्या की ओळखीच्या आज्ञा खाली सरकत. शिवाय क्वचित लागणारी आज्ञाच तर शोधावी लागते, आणि ती दिसली नाही की प्रोग्राममध्ये ती सोयच नाही असा नवख्याचा समज होतो. वापराची वारंवारता म्हणजे महत्त्व नव्हे: वर्षातून एकदा शेकडो पाकिटांवर पत्ते छापणाऱ्याला ती एक आज्ञा त्या दिवशी सर्वांत मोलाची असते.

अँड्र्यू सीअर्स आणि बेन श्नायडरमन यांनी १९९४ मध्ये अभ्यासलेला विभाजित मेनू, म्हणजे नेहमीच्या मोजक्या आज्ञा वरच्या वेगळ्या भागात ठेवणारी यादी, अधिक शहाणपणाचा वाटतो. वर्डमधील टंकांची यादी याच जातीची आहे: अलीकडे वापरलेले टंक वर येतात, पण खालचा वर्णक्रम अबाधित राहतो. लॅटिन नावांच्या लांबलचक यादीत ‘कोकिला’ आणि ‘मंगल’ हुडकणाऱ्या मराठी लेखनिकाला (त्याचा विचार करून ही सोय केली असेल असे नव्हे) ती विशेष उपयोगी पडते.

लिआ फिंडलेटर आणि जोआना मॅकग्रेनर यांनी २००४ मध्ये तुलना केली, तेव्हा आपोआप बदलणाऱ्या मेनूपेक्षा स्थिर मेनू जलद ठरला, तर बहुसंख्यांची पसंती मात्र स्वतः जुळवता येणाऱ्या मेनूला मिळाली. ऑफिस २००७ मध्ये मेनूंच्या जागी रिबन, म्हणजे आज्ञांची गटवार पट्टी, आली आणि तिच्याजवळच्या छोट्या पट्टीवर कोणती आज्ञा ठेवायची हे वापरकर्त्यावर सोपवले गेले. त्याने ठेवलेली आज्ञा तो स्वतः काढेपर्यंत तिथेच राहते.