पंगत यजमानाची, हात आचाऱ्याचा

जयपूरला जाणारा मराठी प्रवासी आमेरचा किल्ला पाहतो, हवामहलासमोर फोटो काढतो, बापू बाजारात मोजड्यांचा भाव करतो आणि परततो. शहराच्या वायव्येकडील झोटवाड्याला सहसा कुणी जात नाही. कारखान्यांची आणि ट्रकांची ती वस्ती. तिथे पाहण्यासारखे काय असणार? पण राजस्थान सरकारच्या गंगानगर शुगर मिल्सचा मद्याचा कारखाना इथेच आहे. केशर कस्तुरी, चंद्रहास, जगमोहन ही राजघराण्यांच्या आणि ठाकुरांच्या जुन्या कृतींची मद्ये याच वस्तीत बाटल्यांत भरली गेली.

पूर्वी ठाकुरांच्या गढीत स्वतःची भट्टी असे. केशर, वेलची, बडीशेप, सुकामेवा घालून अर्क काढला जाई. पाहुण्याला आग्रहाने पहिला घोट देणे याला तिकडे ‘मनुहार’ म्हणतात. आपल्या पंगतीतला जिलबीचा आग्रहच म्हणा ना! संस्थाने विलीन झाली, १९५० मध्ये राजस्थानचा अबकारी कायदा आला आणि गढ्यांतल्या भट्ट्या थंडावल्या. पुढे सरकारनेच काही कृती पुन्हा करायला घेतल्या. चंद्रहास ही जयपूरजवळच्या कानोता घराण्याची मानली जाते.

दारू चांगली की वाईट, हा वाद बाजूला ठेवू. प्रश्न वेगळाच आहे. भट्टीपुढे धग सोसत कोण बसत होते? ठाकूर नक्कीच नव्हे. दारू गाळणे हा परंपरेने कलालांचा व्यवसाय. आच कधी कमी करायची, अर्काची धार कधी तोडायची, हे त्यांच्या हाताला ठाऊक. नाव मात्र घराण्याचे झाले.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतल्या केंटकीची बर्बन ही व्हिस्की जगप्रसिद्ध आहे. तिच्यात मका किमान ५१ टक्के हवा आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरायला हवी, असा तिथला कायदा. तिच्या शोधाचे श्रेय अठराव्या शतकातले धर्मोपदेशक एलायजा क्रेग यांना देतात. पुरावा नाही, तरी नाव बाटलीवर आहे!

शेजारच्या टेनेसी राज्यात जॅक डॅनियल नावाच्या पोराला व्हिस्की गाळायला शिकवले ते निअरेस्ट ग्रीन या कृष्णवर्णीय गुलामाने. गुलामगिरी संपल्यावर जॅकने त्यांनाच आपल्या कारखान्यात मुख्य कारागीर नेमले. स्थानिक लोकांना आणि ग्रीन यांच्या वंशजांना हे माहीत होते; पण कारखाना पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना ते कुणी सांगत नसे. २०१६ मध्ये कंपनीने ही हकिकत उघडपणे सांगायला सुरुवात केली. गुरूचे नाव शिष्याच्या शेजारी यायला दीडशे वर्षे लागली.

राजस्थानातल्या त्या हातांची नावे आता कोण सांगणार? ती एखाद्या कलालाच्या घरात अजून कुणा म्हाताऱ्याच्या तोंडी असतील, तर विचारायला फार दिवस उरलेले नाहीत. आपल्या घरचे तरी काय वेगळे? गोडा मसाला ‘देशपांड्यांकडचा’ म्हणून नावाजला जातो. तो वर्षानुवर्षे भाजून, कांडून देणाऱ्या बाईचे नाव घरातल्या नातवंडांना ठाऊक नसते. ती बाई आहे तोवर मसाल्याच्या वहीत, प्रमाणाच्या वर, तिचे नाव लिहून ठेवावे.