कॉलेज बदलताना

पहिल्या वर्षाचा निकाल लागला की इंजिनिअरिंगच्या अनेक घरांत कॉलेज बदलण्याचा विषय निघतो. महाराष्ट्रात मधूनच नव्या कॉलेजात शिरण्याच्या वाटा मुख्यतः दोन. दहावीनंतर ३ वर्षांचा डिप्लोमा केलेला विद्यार्थी थेट दुसऱ्या वर्षात येतो. बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधरालाही ही वाट खुली असते. डिप्लोमाचे गुण, गुणवत्ता यादी, पसंतीक्रम, जागा असा तिचा क्रम ठरलेला. दुसरी वाट सीईटी देऊन आलेल्याची. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांत पदरी पडलेली जागा वर्षभरानंतरही मनात बसत नाही, तेव्हा तो हिच्याकडे वळतो. ही वाट अर्ज-विनंत्यांची. तिथे जागा रिकामी असावी लागते, दोन्ही कॉलेजांची ना-हरकत लागते आणि विषयांची समकक्षता तपासली जाते.

खरा अडसर ही समकक्षताच, आणि घरातल्या चर्चेत नेमकी तीच शेवटी येते. दोन अभ्यासक्रम शेजारी ठेवून पेन्सिलीने खुणा करत गेले की ती कळते. गणित-१, गणित-२ जुळतात. फिजिक्स, केमिस्ट्री, ग्राफिक्स, मेकॅनिक्सलाही बहुधा बरोबरची खूण होते. प्रोग्रामिंगपाशी पेन्सिल थांबते: इकडे सी शिकवलेली, तिकडे पायथन. वर्कशॉप इकडे एका श्रेयांकाचे, तिकडे दोनचे. न जुळलेला विषय दुसऱ्या वर्षात जादा म्हणून मानेवर बसतो. नापास न होताही केटी लागल्यासारखेच ते. स्वायत्त कॉलेजांमुळे तर एकाच विद्यापीठाच्या छत्राखालीही अभ्यासक्रम वेगळे असू शकतात. २०२१ मध्ये यूजीसीने श्रेयांक बँकेचे नियम केले. त्यामुळे श्रेयांक खात्यात राहतात, विषय मात्र जुळवावेच लागतात.

पहिले वर्ष सगळ्या शाखांना जवळजवळ सारखे असते, म्हणून बदलाची स्वस्त वेळ तीच. तिसऱ्या सत्रापासून सिव्हिलवाला सर्व्हेइंगकडे जातो, कॉम्प्युटरवाला डेटा स्ट्रक्चर्सकडे. त्यानंतर शाखाही बदलायची म्हटले तर वर्ष हातचे जाण्याची भीती.

डिप्लोमावाल्याचा पेच निराळा. ड्रॉइंग आणि वर्कशॉपवर त्याचा हात बसलेला असतो, पण तिसऱ्या सत्रातले गणित, लाप्लास आणि फूरिए, अंगावर येते. शेजारच्या बाकावरच्याने नुकतीच २ सत्रे गणित घोटलेले असते. म्हणून डिप्लोमावाल्याने कॉलेजचे नाव बघण्याआधी तिथे गणिताची उजळणी करून घेतात का, हे आदल्या वर्षीच्या मुलांना विचारावे.

शाखेसाठी केलेला बदल समजण्याजोगा आहे. तोही आधी आहे त्याच कॉलेजात मागावा. पुष्कळ ठिकाणी पहिल्या वर्षाच्या गुणांवर शाखा बदलून मिळते आणि विषय बुडत नाहीत. पुण्याचे सीओईपी किंवा मुंबईचे व्हीजेटीआय खरोखरच मिळत असेल तर घासाघीस करू नये, पण थेट दुसऱ्या वर्षाच्या तिथल्या जागा डिप्लोमाच्या अगदी वरच्या गुणांनाच मिळतात. एका मधल्या कॉलेजातून दुसऱ्या मधल्या कॉलेजात केवळ नावासाठी जाणे म्हणजे सामान हलवण्याचा खर्च.

शुल्कमाफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या, जागेवर प्रवेश घेतलेल्यांना मात्र हा खल करण्याचे कारणच नाही. त्या योजनेत कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही.