सावकार

टॉमस हेन्री हक्सले यांनी १८८० साली क्रेफिश या गोड्या पाण्यातील एकाच प्राण्यावर सबंध ग्रंथ प्रसिद्ध करून प्राणिशास्त्रात शिरण्याची एक वाट आखून दिली, आणि तो ग्रंथ वाचल्यावर आमच्या थोरल्या बंधूंनी, जे त्या वेळी सायन्सच्या वर्गात होते, असा एक प्राणी घरी पाळण्याचा मनसुबा जाहीर केला. परंतु युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, फार काय मादागास्करमध्येही नांदणारे हे कुळ हिंदुस्थानच्या नद्यांत मुळातच नाही. तेव्हा सोलापुरात त्याच्या भाऊबंदावरच भागवणे प्राप्त होते. नदीतला झिंगा नाजूक, पाण्यातला प्राणवायू थोडा उणावला की दगावणारा. अखेर १८७१ साली पुऱ्या झालेल्या एकरुखच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी हिप्परग्याच्या, तलावाखालील एका बांधाच्या बिळातून काळपट तपकिरी खेकडा मडक्यात घालून घरी आला.

त्याच्या मुक्कामाची तजवीज हे एक प्रकरणच होते. आजीने मोठ्या मनाने तांब्याचे घंगाळ देऊ केले. पण ज्याच्या रक्तात प्राणवायू वाहण्याचे काम तांबेच करते त्याच खेकड्याला पाण्यात उतरलेले तांबे विषासमान असते, हे बंधूंनी तिला समजावून सांगितले, आणि तिला ते अखेरपर्यंत पटले नाही. मग लोखंडी चौकटीत लांबीने बसवलेल्या काचांची पेटी आली. तळाशी धुतलेली सीनेची वाळू, एका बाजूस पाण्याबाहेर डोके काढणारे काळे दगड, आडोशाला फुटक्या माठाचे अर्धे खापर, आणि पाणी अवघे चार बोटे, कारण बांधावर वावरणाऱ्या या प्राण्याला कल्ले ओले ठेवण्यापुरते पाणी आणि वर येऊन बसण्यास कोरडी जागा ही दोन्ही लागतात. नळाच्या पाण्यातील औषध उडून जावे म्हणून ते पिंपात शिळे करूनच घालीत. झाकणावर मात्र पाटा ठेवावा लागला. पळून जाण्याच्या कामी त्याच्याइतका चिकाटीचा जीव मी पाहिलेला नाही.

एकदा डेंग्यात धरलेली वस्तू तो सोडीत नसे, म्हणून वडिलांनी, जे कलेक्टर कचेरीत कारकून होते, त्याचे नाव सावकार ठेवले. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, भाजीची पाने, कधी गांडूळ, असा त्याचा रोजमुरा असे. आणखी एक खेकडा सोबतीस ठेवावा असे आईला वाटे, पण एवढ्याशा जागेत दोघांचा निभाव लागणार नव्हता.

शेजारच्या मांजराशी झालेल्या झटापटीत त्याचा मोठा डेंगा गेला. खरे म्हणजे त्यानेच तो सांध्याशी ठरलेल्या जागी तोडून टाकला. जखम लगेच बुजली आणि काही आठवड्यांनी तिथे दुमडलेला इवलासा कोंब दिसू लागला. पुढे एकाएकी त्याने अन्न वर्ज्य केले, पाठीचा रंग मंदावला, आणि एके पहाटे पेटीत दोन खेकडे दिसले. आईने कपाळाला हात लावला. वस्तुतः एक निव्वळ टरफल होते, मागील कडेला फाटलेले, ज्यात पायांची टोके आणि डोळ्यांवरील आवरणेसुद्धा जशीच्या तशी होती. दुसरा खापराखाली दडलेला, पिठाच्या गोळ्यासारखा मऊ, फिकट, आणि आकाराने वाढलेला. गमावलेला डेंगा परत आला होता, फक्त धाकट्या मापाचा. टरफल काढून टाकू नये असा बंधूंचा सक्त हुकूम होता, आणि तो रास्तच ठरला, कारण सावकाराने पुढे ते कडेकडेने कुरतडून खाल्ले आणि अंगावरील नव्या कवचाच्या कामी त्यातील चुना असा मुद्दलासकट वसूल केला.

सोलापूरचा मे महिना मात्र काचेच्या पेटीचा वैरी. ओले गोणपाट गुंडाळून, पेटी माजघराच्या फरशीवर सरकवून तो निभावला; पण पाणी कोमट होऊ लागले की सावकार दगडावर येऊन तोंडाशी फेस काढीत बसे, आणि ते दृश्य वडिलांना पाहवेना. पहिला दमदार पाऊस होताच त्यांनी त्याला पंच्यात गुंडाळून त्याच बांधावर नेले. पंचा उलगडला, तरी तो काठ सोडीना. शेवटी वडिलांनी पंचा तसाच चिखलात ठेवला, दोन पावले मागे सरले, आणि सावकार पंच्यासह बिळाच्या तोंडाशी जाऊन तो आत ओढू लागला.